सुनेचं कडं

वर्षअखेरच्या सुट्ट्या लागल्या की सासूबाईंच्या घरी जमायचं, हे ठरलेलं. चष्मेवाली दरवर्षी सगळ्यांच्या आधी पोचायची. तिचं चष्म्यांचं दुकान होतं, म्हणून नणंदेनं लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिला हे नाव चिकटवलं आणि बघता बघता ते घरभर झालं. त्या नावाबद्दल तिची तक्रार नव्हती. तक्रार होती ती दुसऱ्या एका बाईच्या नावाबद्दल.

त्या दिवशीही ती दारात बूट काढत होती. एका हातात केकचा डबा, दुसऱ्या हातात सासूबाईंचा नवा चष्मा. नवरा खाली गाडीला जागा शोधत होता. आतून सासूबाईंचा आवाज आला, "कोण, आपली आली का?"

"नाही आई, मी आहे."

"बरं बरं. ये."

'आपली' म्हणजे तिच्या नवऱ्याची पहिली बायको. चष्मेवाली मनातल्या मनात तिला नुसतं 'पहिली' म्हणायची. ही पहिली फिजिओथेरपिस्ट होती. चष्मेवाली त्या घरात यायच्या कितीतरी आधी तिचा नि नवऱ्याचा घटस्फोट झाला होता, तोही आदळआपट न करता, भाड्याचं घर सोडावं तसा. मूलबाळ नव्हतं. सगळं मिटलं असं वाटत असताना सासूबाई जिन्यात पडल्या, गुडघा दुखावला, आणि ही बाई आपणहून व्यायाम करून घ्यायला येऊ लागली. गुडघा सुधारला तरी येणं थांबलं नाही. तिनं नवरा सोडला, सासू सोडली नाही. नणंद दोघींनाही वहिनीच म्हणायची. तिनं 'वहिनी' अशी हाक मारली की दोन माना वळायच्या, आणि चष्मेवालीला वाटायचं, दरवेळी हाक दुसरीलाच असते.

बरं, पहिलीत खोट काढावी तर सापडत नव्हती. एकदा ती दुकानात चष्मा घ्यायला आली होती. चष्मेवालीनं तिला एकामागून एक फ्रेमा लावून बघितल्या, मुद्दाम जाडजूड, चौकोनी, आजोबा लोक घेतात तसल्यासुद्धा. तिच्या चेहऱ्याला सगळ्या शोभल्या. वर घरचं माणूस म्हणून देऊ केलेली सूटही तिनं हसून नाकारली. त्या दिवशी चष्मेवालीला दुपारचा डबा गेला नाही.

यंदाचं जमणं जरा वेगळं होतं. घर विकलं होतं. सासूबाई आता लेकीकडे, लिफ्ट असलेल्या इमारतीत राहायला जाणार होत्या आणि तिथं एवढ्या सामानाला जागा नव्हती. जेवणं झाल्यावर त्यांनी सगळ्यांना, पहिलीलासुद्धा, पुढच्या खोलीत बसवलं. हीटरजवळच्या खुर्चीत स्वतः बसल्या, गुडघ्यावर शाल घेतली आणि म्हणाल्या, "मी गेल्यावर तुम्ही भांडणार. त्यापेक्षा माझ्यासमोर भांडा. माझी तेवढीच करमणूक."

सगळे हसले. चष्मेवाली जरा जास्तच हसली.

नवऱ्याला त्याच्या आजोबांचं भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते कधीच वेळेवर चाललं नव्हतं, पण त्याला लहानपणापासून हवं होतं. नणंदेला मोत्यांची माळ मिळाली. मग सासूबाईंनी कपाटाकडे बोट दाखवलं. "त्या निळ्या काठाच्या कपबश्या तुला गं. माझ्या आईच्या आहेत. सांभाळून ने, फार नाजूक."

"किती छान आहेत," चष्मेवाली म्हणाली. तिला वाटलं, ही नुसती सुरुवात आहे.

कारण सासूबाईंच्या हातात अजून ते कडं होतं. सोन्याचं, भरीव, जोड नसलेलं, वर वेलीची बारीक नक्षी. सासूबाईंना ते त्यांच्या सासूनं दिलं होतं, आणि त्या सासूला तिच्या सासूनं. ते लेकीला जायचं नाही, सुनेला जायचं. हे सासूबाईंनीच चष्मेवालीला अनेकदा सांगितलं होतं, चष्म्याच्या दांड्या नीट करून घेताना, भाजी निवडताना, तिच्याकडे न बघता. चष्मेवाली दरवेळी "हो का?" म्हणायची आणि दुसरीकडे बघायची, हाव दिसू नये म्हणून. घरात सून एकच होती. मग यात विचार करण्यासारखं काही उरतच नव्हतं.

सासूबाईंनी कडं काढलं. म्हातारपणानं हात वाळले होते, ते सहज उतरलं. त्यांनी ते शालीच्या टोकानं पुसलं आणि म्हणाल्या, "आपली, इकडे ये बघू."

नवऱ्यानं घड्याळाची काच बाहीनं पुसायला घेतली. नणंद माळेचा फासा उगाच उघडू-मिटू लागली.

"आई, हे मला नको," पहिली म्हणाली. "मी आता कुठल्या नात्यानं..."

"तुला नातं विचारलं नाही मी. हात पुढे कर."

"खरंच नको, आई."

तेव्हा चष्मेवालीनं आपलाच आवाज ऐकला. मधात बुडवून काढल्यासारखा गोड. "घ्या हो. आई एवढ्या प्रेमानं देताहेत. तुमच्याच हाताला शोभेल ते."

सगळ्यांच्या जिवात जीव आला. नवऱ्यानं तिच्याकडे इतक्या कौतुकानं पाहिलं की तिला त्याच्या डोक्यात ते घड्याळ घालावंसं वाटलं. नणंद म्हणाली, "मन मोठं आहे हं वहिनीचं." आणि आयुष्यात पहिल्यांदा ती 'वहिनी' नक्की कोण याबद्दल शंका नव्हती.

कडं पहिलीच्या मनगटावर गेलं. तिथंही ते शोभलं.

नंतर भांडी घासायला पहिली उठली आणि पुसायला चष्मेवाली. उठली नसती तर लोकांना दिसलं असतं. पहिलीनं बाह्या वर सारल्या, कडं काढलं आणि सिंकमागच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. दोघी हवेबद्दल बोलल्या, मग नव्या इमारतीच्या लिफ्टबद्दल. चष्मेवाली ताट पुसत होती आणि कट्ट्याकडे बघायचं नाही असं ठरवून कट्ट्याकडेच बघत होती.

"आपली, जरा गुडघा बघतेस का? आखडलाय," बाहेरून हाक आली.

पहिलीनं हात पुसले आणि गेली. कडं तिथंच राहिलं.

चष्मेवालीनं ते उचललं ते फक्त वजन बघायला. वजन चांगलंच होतं. मग म्हटलं, बघावं तरी कसं दिसतं. तिचा हात रुंद होता. अंगठ्याच्या हाडापाशी कडं अडलं. तिथं तिनं थांबायला हवं होतं. पण पहिलीच्या हातात जाणारं कडं आपल्या हातात जात नाही, हे तिला सहन झालं नाही. हात ओला होता. तिनं दात आवळले आणि जोर लावला. कातडी सोलवटून कडं आत गेलं आणि मनगटावर बसलं.

छान दिसत होतं. पहिलीइतकं नसेल, पण छान. तिनं हात खिडकीच्या उजेडात धरला, फिरवून पाहिला आणि मग काढायला गेली.

ते निघेना.

तिनं ओढलं, पिळलं, अंगठा आत दुमडला. हाड आणखी दुखावलं. एवढ्यात नणंद उरलेला केक घेऊन आत आली. चष्मेवालीनं स्वेटरची बाही खाली ओढली आणि कोरडा पेला पुन्हा पुसायला घेतला.

नणंदेपाठोपाठ पहिली आली. तिनं कट्ट्याकडे पाहिलं. फडकं उचलून पाहिलं, साबणाची वाटी सरकवून पाहिली. मग हळूच विचारलं, "इथं कडं ठेवलं होतं मी. कुणी आत नेऊन ठेवलं का?"

'मी घातलंय, बघा ना, निघतच नाहीये,' एवढं म्हणून हसली असती तर सगळं तिथंच संपलं असतं. वाक्य चष्मेवालीच्या ओठांवर आलंही होतं. पण मघाशी तिचं मन मोठं ठरलं होतं, आणि ते मोठं मन घशात अडकून बसलं.

"नाही बाई," ती म्हणाली. "मी नाही पाहिलं."

मग घरात एकच धावपळ उडाली. नणंदेनं कचऱ्याचा डबा वर्तमानपत्रावर उपडा केला आणि भाज्यांच्या सालींतून काट्यानं शोधू लागली. नवरा पाना घेऊन सिंकखाली शिरला. त्याला असली कामं येत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं, त्याच्याखेरीज. वाकडा पाइप सुटला आणि भांड्यांचं सगळं घाण पाणी त्याच्या छातीवर आलं. चष्मेवालीनं त्याला टॉवेल दिला, डाव्या हातानं. ती स्वतःही शोधत होती. फ्रिजमागं वाकून पाहत होती, डबे हलवत होती, आणि बाहीच्या आत कडं मनगट आवळत होतं.

सासूबाई काठी टेकत दाराशी आल्या. काय झालं ते कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "इतकी वर्षं माझ्या हातात राहिलं," त्या पहिलीला म्हणाल्या, "आणि तुझ्या हातात चहा होईपर्यंत टिकलं नाही. एवढा निष्काळजीपणा?"

पहिली खाली मान घालून उभी राहिली. तिचे कान लाल झाले.

चष्मेवालीला आनंद झाला. खोटं कशाला बोला, अगदी पोटभर आनंद झाला. इतक्या वर्षांत सासूबाईंनी 'आपली'ला रागावलेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं. हे वाक्य बरणीत भरून घरी न्यावं आणि रोज थोडं थोडं चाखावं असं तिला वाटलं. पण तो आनंद फार टिकला नाही, कारण हात ठणकायला लागला होता. बोटं जड झाली होती. ती "आलेच" म्हणाली आणि न्हाणीघरात शिरली.

साबण लावला, पुन्हा लावला. हात लालभडक झाला, कडं हलेना. डोळ्यांत पाणी आलं, दुखण्यानं आणि रागानं. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

"मी आहे," पहिलीचा आवाज. "उघडा."

"येतेच मी बाहेर."

"उघडा हो. मघापासून तुम्ही सगळं डाव्या हातानं करताय. तुम्ही उजव्या हाताच्या आहात."

चष्मेवालीनं कडी काढली. पहिली आत आली, दार लावलं आणि हात पुढे केला. "दाखवा."

दाखवण्यावाचून इलाज नव्हता. पहिलीनं बाही वर केली, पाहिलं, आणि काहीही न बोलता गार पाण्याचा नळ सोडला. "हात वर धरा. डोक्याच्या वर. असाच राहू द्या जरा." चष्मेवाली शाळेत उत्तर द्यायला उठलेल्या मुलीसारखी हात वर करून टबाच्या काठावर बसली. पहिली अधूनमधून तो खाली घ्यायची, गार पाण्याखाली धरायची, पुन्हा वर करायची. बाहेर नवऱ्याचा आवाज येत होता, पाइप उलटा तर बसला नाही ना म्हणून.

"मी चोरत नव्हते," चष्मेवाली म्हणाली.

"माहितीये मला. चोरायचं असतं तर खिशात घातलं असतं."

"बाहेर सांगणार तुम्ही?"

"टॉवेलच्या घडीत सापडलं म्हणून सांगेन." पहिलीनं तिच्या अंगठ्याचं मूळ दाबून आत वळवलं. भलतंच दुखलं. "सैल सोडा हात. आणि एक सांगते. हे मला हवंय. मघाशी नको नको म्हटलं ते म्हणायला लागतं म्हणून. आईंनी हाक मारली तेव्हा मला रडू येणार होतं. त्यामुळे मी मोठेपणानं हे तुम्हाला देऊन टाकेन, असं मनात आणू नका. नाही देणार."

चष्मेवाली तिच्या तोंडाकडे बघत राहिली. या बाईला काहीतरी हवं असतं, हे तिला आजवर माहीतच नव्हतं.

"आणि ते 'घ्या हो, तुमच्याच हाताला शोभेल' वगैरे," पहिली म्हणाली, "पुन्हा कधी करू नका. त्यापेक्षा शिवी दिलेली परवडली."

"शिवी मनात दिली होती," चष्मेवाली म्हणाली.

पहिली हसली नाही, पण तिच्या हाताची पकड जरा सैल झाली. तिनं साबणाचा फेस चोळला, हात पुन्हा एकदा वळवला आणि कडं तिरकं करत हाडावरून सरकवलं. चष्मेवाली कळवळली. कडं निघालं. पहिलीनं ते धुतलं, पुसलं आणि तिच्या देखत आपल्या हातात घातलं.

बाहेर ठरल्याप्रमाणे ते टॉवेलच्या घडीत सापडलं. सासूबाई "नीट बघायचं ना आधी" एवढंच म्हणाल्या. घरभर पुन्हा हसणंखिदळणं सुरू झालं.

निघायच्या आधी चष्मेवाली आतल्या खोलीत कोट घ्यायला गेली, तर सासूबाई पलंगावर बसून पांघरुणांच्या घड्या घालत होत्या. तिनं दुसरं टोक धरलं.

"हात सुजलाय तुझा," सासूबाई घडीकडे बघत म्हणाल्या. "घरी गेल्यावर बर्फ लाव."

चष्मेवालीनं बाही खाली ओढली. पण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून की काय, तिला धीर आला. "आई, मला का नाही दिलं?"

सासूबाईंनी घडी मांडीवर ठेवली. "घर गेलं की ती कशाला येईल?" त्या म्हणाल्या. "इथं येण्याची तिला सवय आहे. तिकडं लांब पडेल. हातात कडं असलं तर वाटेल तिला यावंसं. नाही आली तर मला चैन पडायचं नाही."

"आणि मी?"

"तू येशीलच की. तू घरची."

हे ऐकून बरं वाटावं अशी सासूबाईंची अपेक्षा असावी. पण चष्मेवालीच्या जिव्हारी लागलं. "म्हणजे तिला बोलवायला कडं," ती म्हणाली, "आणि मी काय, न बोलावता येणारच. म्हणून मला कपबश्या."

सासूबाईंनी वर पाहिलं. नव्या चष्म्यातून त्यांचे डोळे मोठे दिसत होते. "हो गं," त्या सावकाश म्हणाल्या. "झालं खरं तसं."

"त्या कपबश्या मला नकोत, आई. त्यात चहा प्यायची भीती वाटते."

त्या घरात तिनं कशाला तरी नको म्हणण्याची ही पहिली वेळ होती. सासूबाई जरा गडबडल्या. "नको तर राहू दे," त्या म्हणाल्या. दाराबाहेरून नणंद लगेच म्हणाली, "मग मी घेऊ?"

गाडीत नवऱ्यानं हाताचं विचारलं. तिनं सगळं सांगून टाकलं. मागच्या सीटवर घड्याळ प्रत्येक खड्ड्याला एक ठोका देत होतं.

"म्हणजे मी सिंकखाली पडलो होतो," तो म्हणाला, "तेव्हा ते तुझ्या हातात होतं?"

"हो."

"ते पाणी माझ्या तोंडातसुद्धा गेलं."

"पाहिलं मी."

घर येईपर्यंत त्याचे खांदे हलत होते. तो हसत होता, आणि चष्मेवालीला त्याचाही राग आला.

सासूबाई नव्या जागी गेल्या. पहिली तिथं जात राहिली, हे नणंदेकडून कळत होतं. गेली नाही ती चष्मेवाली. दर रविवारी तिला दुकानात काहीतरी काम निघायचं. एका रविवारी तिनं सगळ्या फ्रेमा काढून कपाटं पुसली. पुढच्या रविवारी पुसण्यासारखं काही नव्हतं, तर पुसलेलंच पुन्हा पुसलं. फोन वाजला की ती धावायची, आणि दुसऱ्याच कुणाचा असला की स्वतःवरच चिडायची. आपण एखाद्या म्हातारीशी असा डाव खेळतोय याची तिला लाज वाटत होती. तरी ती गेली नाही.

शेवटी फोन आला. "बरी आहेस ना?" सासूबाईंनी विचारलं. "आली नाहीस बरेच दिवस."

"काम होतं, आई."

"हो का. इथं चुकल्याचुकल्यासारखं होतंय. तू येत नसशील तर मीच येते."

आणि त्या खरंच आल्या. दुकानात गर्दी होती. काचेपलीकडे टॅक्सी थांबलेली चष्मेवालीनं पाहिली, काठी बाहेर आली, मग सासूबाई, आणि त्यांचा कोपर धरून पहिली. तिच्या हातात कडं होतं. चष्मेवालीला जुनाच ओळखीचा राग आला. एकट्या कशा येतील त्या, हे तिला समजत होतं. राग आला तो आलाच.

"डोळे तपासायचेत," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या. "वाचताना ओळी हलतात."

"चष्मा तर नवा आहे, आई."

"तरी हलतात."

पहिली चष्मेवालीकडे बघत होती. तोंडावर रेषही हलली नव्हती.

चष्मेवाली काउंटरमागून बाहेर आली आणि सासूबाईंचा कोपर पहिलीच्या हातातून आपल्या हातात घेतला. "तुम्ही इथं बसा," ती पहिलीला म्हणाली आणि वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकांच्या बाकाकडे हात केला. "आतली खोली लहान आहे. एका वेळी एकच माणूस मावतं."

"बसते," पहिली म्हणाली, आणि एका आजोबांशेजारी जाऊन बसली.

चष्मेवालीनं सासूबाईंना आत नेलं, उंच खुर्चीत नीट बसवलं, काठी कोपऱ्यात उभी केली आणि दार लावून घेतलं. मग दिवा मालवला. समोरचा फलक उजळला.

"घाई नाही, आई," ती म्हणाली. "अगदी वरच्या ओळीपासून वाचा."